आमच्या गावाचे पान

शहादा तालुक्यातले टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी अचानक देशाच्या नकाशावर आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला 'आधार' क्रमांक याच गावच्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. दिल्ली-मुंबईच्या आधी नव्या युगाने दार ठोठावले ते आमच्या नंदुरबार जिल्ह्याचे, असे म्हणायला हरकत नाही. पण त्या दारातून आत आले ते नोंद करून घेणारे यंत्र. त्याने बोटांचे ठसे घेतले, बुबुळांचे चित्र घेतले, नाव-गाव लिहून घेतले. पुढच्या काळात रेशनच्या दुकानात, बँकेत, शिष्यवृत्तीच्या अर्जात आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीही असाच एकेक पडदा समोर येत गेला. प्रत्येक पडद्यावर रकाने होते आणि ते भरायला आम्ही होतो. रकाना आखणारा माणूस मात्र कधी दिसला नाही.

तो रकाना आखतात तरी कसा, हे पाहावे म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात मी नंदुरबारमधल्या एका महाविद्यालयाच्या 'वेब डिझाइन : प्राथमिक ओळख' या वर्गात नाव घातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेले. त्यातली अकरा वर्षे अक्राणीच्या डोंगरात पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर हातात वेळ होता आणि कपाटात चार जाड वह्या होत्या. डोंगरातली मुले घरी पावरी बोलत आणि पुस्तक मराठीत असे. दोघांच्या मध्ये पूल बांधायचा म्हणून मी वर्षानुवर्षे त्यांचे शब्द लिहून ठेवले होते. एका बाजूला पावरी, दुसऱ्या बाजूला मराठी. या वह्या छापायला कोणी प्रकाशक पुढे येईल असे वाटत नव्हते. महाजालावर पान करायला प्रकाशक लागत नाही, एवढे ऐकून माहीत होते.

पहिल्या दिवशी संगणक-प्रयोगशाळेत शिरले तेव्हा तीसेक मुले-मुली उठून उभी राहिली. त्यांना वाटले, नव्या मॅडम आल्या! मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठे उलगडा झाला. शिकवणारे सर माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. ते मला 'मॅडम' म्हणत आणि मी त्यांना 'सर'. या दुहेरी आदरात पहिला आठवडा सगळ्यांनाच जरा अवघडल्यासारखा गेला. मग शेजारच्या मुलीने 'काकू' म्हणायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. घराजवळची भाजीवाली मात्र रोज विचारी, "काय शिकी ऱ्हायनी वं माय?" या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मला पुष्कळ दिवस सापडले नाही.

वाचकांपैकी अनेकांना वाटत असेल की वेब डिझाइन म्हणजे रंगसंगती, चित्रे आणि झगमगाट. मलाही तसेच सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस सरांनी रंगाचे नावही काढले नाही. साधा मजकूर लिहायचा आणि त्यातला कोणता भाग काय आहे ते संगणकाला सांगायचे, एवढेच काम. टोकदार कंसात 'पी' अक्षर लिहिले की परिच्छेद सुरू झाला. तेच अक्षर तिरक्या रेघेसह पुन्हा लिहिले की परिच्छेद संपला. मुख्य मथळा 'एच-वन', त्याखालचा 'एच-टू', असे सहा पायऱ्यांपर्यंत मथळे. या खुणांच्या भाषेचे नाव 'एचटीएमएल'. माझ्यासारखीला तर हे ओळखीचेच वाटले. निबंधाच्या वहीत मुद्दे, उपमुद्दे आणि समास पाळायला लावणाऱ्या शिक्षिकेला यात नवीन ते काय?

रंगरूपाची गोष्ट सुरू झाली तेव्हा सरांनी लग्नपत्रिकेचे उदाहरण दिले. पत्रिकेतला मजकूर ठरलेला. कुलदैवताचे नाव, वधू-वर, मुहूर्त, स्थळ, आणि तळाशी चिमुकल्यांचे आग्रहाचे बोलावणे. तोच मजकूर एका छापखान्यात दिला तर साध्या गुलाबी कागदावर येतो, दुसऱ्याकडे सोनेरी वेलबुट्टीत. मजकूर म्हणजे एचटीएमएल आणि छापखान्याला दिलेल्या सूचना म्हणजे 'सीएसएस'. होकॉन वियुम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ मध्ये या सूचना मजकुरापासून वेगळ्या ठेवण्याची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला प्रमाण रूप मिळाले. त्यामुळे झाले असे की, शंभर पानांचे मथळे निळ्याचे हिरवे करायचे तर शंभर पाने उघडावी लागत नाहीत, सूचनांची एक ओळ बदलली की पुरते. वर्गातल्या एका मुलाच्या घरी मिरचीची पथारी आहे. तो म्हणाला, "म्हणजे मिरची तीच, पण पथारीवर वाफे कसे पाडायचे ते वेगळ्या कागदावर." सरांनी हे उदाहरण पुढच्या तासाला बिनदिक्कत आपले म्हणून वापरले!

या सगळ्याच्या मुळाशी जो इतिहास आहे तो सांगण्यासारखा आहे. १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने एक टिपण लिहिले. संस्थेतली माहिती वेगवेगळ्या संगणकांत विखुरलेली होती. ती एकमेकींना जोडायची, म्हणजे एका कागदावरच्या शब्दाला स्पर्श केला की दुसरा कागद उघडेल, अशी ती योजना होती. १९९० च्या अखेरीस त्याने ती चालवूनही दाखवली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यासाठी खुले केले. त्या दिवशी जर त्यांनी दर पानामागे चार पैसे ठेवले असते, तर आमच्या वर्गातल्या कोणालाच आज तिथे काही लिहिता आले नसते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. बर्नर्स-लीने केलेला अगदी पहिला 'ब्राउझर' नुसता पाने दाखवत नसे. त्यात पान लिहिता येई आणि दुरुस्तही करता येई. वाचणारा आणि लिहिणारा एकच, अशी त्याची कल्पना होती. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले त्यांतून ही लिहिण्याची सोय गळाली आणि जग दोन गटांत विभागले गेले. थोडे पाने करणारे, बाकीचे पाहणारे. आमच्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा ते आले तेही मुख्यतः पाहण्याची वस्तू म्हणूनच. मी त्या वर्षी ज्या शाळेत होते तिथे विजेचा खांबही पोचला नव्हता.

पाहणारे आणि करणारे यांतला फरक आमच्या जिल्ह्याला जरा जास्तच जाचतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले जवळजवळ ६९ टक्के आदिवासी. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. महाजालावर 'नंदुरबार' हा शब्द शोधून पाहा. हे आकडे येतील, कुपोषण येईल, स्थलांतर येईल. नाहीतर एकदम तोरणमाळचे धुके, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि काठी गावच्या राजवाडी होळीतले मोरपिसांचे टोप येतील. यांतले काहीच खोटे नाही. पण यांतले बहुतेक लिहिणारे पाहुणे आहेत. कोणी अहवालासाठी आलेला, कोणी कॅमेरा घेऊन आलेला. घरातल्या माणसाने घराविषयी लिहिलेले सापडायला खूप खाली जावे लागते.

आता देवनागरीची गोष्ट. वर्गात सर्वांत जास्त गोंधळ झाला तो इथेच. पहिल्यांदा मराठीत पान केले तेव्हा निम्म्या पडद्यांवर फ्रेंच वळणाची अगम्य अक्षरे उमटली. कोणाचा संगणक बिघडलेला नव्हता. पानाच्या माथ्यावर 'ही अक्षरे अमुक पद्धतीने साठवली आहेत' हे सांगणारी एक ओळ असते, ती त्या पानांवर नव्हती. ती लिहिताच मराठी जागेवर आली. मुलांना याचे फारसे अप्रूप वाटले नाही. मला वाटले, कारण १९९० च्या दशकातल्या मराठी संकेतस्थळांचे हाल मी पाहिले आहेत. तेव्हा प्रत्येकाचा फाँट वेगळा. तो आपल्या संगणकात उतरवून घेतला नाही तर सगळे पान म्हणजे चिन्हांचा चिवडा. आणि फाँट असला तरी संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले ते सोंग होते. म्हणून त्यात काही शोधताही येत नसे.

या सोंगातून सुटका केली ती 'युनिकोड'ने. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्यांना त्यात एकेक वस्ती नेमून दिलेली आहे. देवनागरीच्या वस्तीत १२८ घरे आहेत आणि त्यांची मांडणी भारत सरकारच्या 'इस्की' या प्रमाणावरून घेतलेली आहे. 'क'चे घर कुठे हे एकदा ठरले की तो नंदुरबारमध्ये लिहा की न्यूयॉर्कमध्ये, 'क'च राहतो. मात्र आपल्या अक्षरांना जागा जास्त लागते. आज रूढ असलेल्या साठवणुकीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'नंदुरबार' या शब्दात अनुस्वार, उकार आणि काना धरून आठ चिन्हे, म्हणजे चोवीस बाइट झाले. हेच नाव इंग्रजीत नऊ बाइटांत मावते. सरांनी हे फळ्यावर मांडले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मराठी जड आहे." सर म्हणाले, "अख्खी कादंबरी मराठीत लिहिली तरी ती तुझ्या मोबाइलमधल्या एका फोटोएवढी होईल." त्यावर कोणी काही बोलले नाही.

आणखी दोन गोष्टी अशा कळल्या की ज्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सहज सापडणार नाहीत. इंग्रजी मथळा ऐटबाज दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची पद्धत आहे. तेच मराठीत केले की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींमधले अंतरही आपल्याला जास्त लागते, कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. तिसरी गोष्ट तर खास आपली. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. सातपुड्यात आहेत त्या दऱ्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. त्या अर्ध्या चंद्रासारख्या 'र'साठी युनिकोडमध्ये वेगळे घर आहे. भाजीवालीच्या 'ऱ्हायनी'लाही तोच 'र' लागतो. तिची अहिराणी जर कोणी पडद्यावर नीट लिहिली, तर तिचा उच्चार तिथे जसाच्या तसा टिकेल.

आमच्या वर्गात धडगावकडच्या एका पाड्यावरून आलेली एक मुलगी होती. शहरातल्या वसतिगृहात राहायची, बोलायची कमी. सरांनी प्रत्येकाला 'आपल्या गावाचे पान' हा प्रकल्प दिला तेव्हा तिने विषय घेतला आमचूर. उन्हाळ्यात डोंगरातल्या घराघरांत कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी उन्हात वाळवतात आणि बाजारात व्यापाऱ्याला घालतात. घरातल्या बायका आणि पोरे यांचेच हे काम. मध्येच वळवाचा पाऊस झाला की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो. मुलीच्या मोबाइलमध्ये त्या उन्हाळ्यात काढलेला एक फोटो होता. आंब्याखाली फोडी पसरणारी म्हातारी, मागे डोंगराची रांग.

तो फोटो चार मेगाबाइटचा होता. सरांनी हिशेब मांडायला लावला. डोंगरात जेमतेम नेटवर्क मिळते, तिथे सेकंदाला २५६ किलोबिट वेग धरला तर हा फोटो उघडायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागेल. तोच शंभर किलोबाइटपर्यंत लहान केला तर तीनेक सेकंदांत दिसेल. "तुझं पान कोणी पाहावं असं तुला वाटतं?" सरांनी विचारले. "आमच्या पाड्यावरच्यांनी," ती म्हणाली. "मग त्यांच्या वेगाने पान कर." वेब डिझाइनचा याहून चांगला धडा मला पुस्तकात सापडला नाही.

प्रत्येक चित्रासोबत एक ओळ लिहावी लागते. जो डोळ्यांनी पाहू शकत नाही त्याला संगणक ती वाचून दाखवतो. चित्र उघडले नाही तर त्याच्या जागीही तीच ओळ दिसते. नमुन्यादाखल फळ्यावर लिहिले होते, 'आमचूर वाळवणारी आदिवासी स्त्री'. मुलीने ते वहीत उतरवले, पडद्यावरही लिहिले. मग बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि ओळ पुसून तिने लिहिले, 'माझी आजी, आमचूर वाळवताना'. सर मागून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. फळ्यापाशी जाऊन त्यांनी आपली ओळ पुसली.

मला वाटते, या एका ओळीत या शिक्षणाचे सगळे मोल आले. पाहुण्याच्या पानावर ती 'आदिवासी स्त्री' असते आणि नातीच्या पानावर ती आजी असते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या बरोबर आहेत. फरक कोणाच्या हातात कळफलक आहे एवढाच आहे. आणि मग दुसरा प्रश्नही आपोआप पुढे येतो. आजीला विचारले का? मुलीने विचारले होते. आजीने 'घाल' म्हटले होते, पण घराचा रस्ता आणि शेताचा गट क्रमांक लिहू नकोस, असेही बजावले होते. शहरातल्या पुष्कळ शिकलेल्यांना हा विवेक सुचत नाही.

पानाच्या माथ्यावर भाषाही सांगायची असते. मराठीला 'एमआर' ही दोन अक्षरे. ती लिहिली की काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळण सोडून मराठी वळणाने उमटतात. मुलीला काही मजकूर पावरीत लिहायचा होता. "पावरीला काय लिहू?" तिने विचारले. सरांनी शोधले. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला 'एएचआर' आहे, भिलीला 'बीएचबी' आहे, आणि पावरीचेही नाव तिथे आहे. जगाच्या यादीत आपल्या बोलीसाठी तीन अक्षरे राखून ठेवलेली आहेत, हे त्या मुलीला त्या दिवशी कळले आणि, खरे सांगते, मलाही. माझ्या वह्या वर्षानुवर्षे कपाटात होत्या. त्यातल्या शब्दांना जायला एक पत्ता होता.

आता व्यवहाराचे बोलू, कारण रविवारच्या चहाबरोबर हे वाचणाऱ्या आईवडिलांचा खरा प्रश्न तोच असतो. या वर्गाने नोकरी लागते का? सरळ उत्तर असे की, नुसत्या एवढ्याने लागत नाही. ही पहिलीची इयत्ता आहे. यापुढे 'जावास्क्रिप्ट' आहे. ब्रेंडन आइक या तंत्रज्ञाने १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. ती शिकायला मात्र आम्हा पामरांना दहा दिवस पुरत नाहीत. पुढे माहितीसाठे आहेत, सुरक्षितता आहे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला काय हवे ते ऐकून घेण्याची सवय आहे. पण ज्याला ही इयत्ता पक्की आली त्याला पुढच्या इयत्ता घरबसल्याही गाठता येतात. महागडे यंत्र लागत नाही. पान हा शेवटी साधा मजकूर असतो. तो कोणत्याही संगणकावर, अगदी मोबाइलवरही लिहिता येतो.

दुसरा प्रश्न हल्ली हमखास येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रच सांगाल तसे संकेतस्थळ करून देते, मग शिकायचे कशाला? सरांनी हा प्रश्न टाळला नाही. एका तासाला त्यांनी वर्गासमोरच यंत्राला आमचूरचे पान करायला सांगितले. काही क्षणांत देखणे पान तयार झाले. रंग छान, रचना स्वच्छ, मजकूरही गोड. 'निसर्गाच्या कुशीतली पारंपरिक चव' वगैरे. त्या मुलीने ते शांतपणे वाचले आणि म्हणाली, "सर, हे कुठल्याही गावाचं आहे." खरेच होते. त्यात कैऱ्या सोलणारे हात कोणाचेच नव्हते, वळवाचा पाऊस नव्हता आणि व्यापारीही नव्हता. मग तिनेच त्या पानाची रचना ठेवली, सूचनांमधल्या दोन अनावश्यक ओळी काढल्या आणि मजकूर आपला घातला. यंत्राने केलेले पान वाचून त्यात काय कमी आहे ते सांगता येणे, आणि ते आपल्या हाताने दुरुस्त करता येणे, हेच आता शिकायचे आहे. आणि त्यासाठी टोकदार कंसांची ओळख हवीच.

दिवाळीनंतर मात्र वर्गात जागा रिकाम्या पडू लागल्या. आमच्या जिल्ह्यात हे नवे नाही. शाळेत असताना दरवर्षी हजेरीपटावर ही गळती मी पाहिलेली आहे. डोंगरातली कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, आणि घरातले एखादे आजारी पडले की कोयत्याला हात कमी पडतो म्हणून वसतिगृहातल्या पोरालाही बोलावणे येते. धडगावकडची मुलगी अशीच गेली. दोन आठवडे तिचा बाक रिकामा होता. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली. सर रोज हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबत. मी मनाशी धरले होते की ही आता परत येत नाही. अनुभव तसाच होता.

तारखेच्या आदल्या दिवशी सरांच्या मोबाइलवर एक निरोप आला. त्यात पान होते. दिवसभराच्या तोडणीनंतर पालावर बसून, जेवढा वेळ मोबाइलची बॅटरी असेल तेवढा वेळ, तिने ते मजकूर म्हणून टाइप केले होते. प्रत्येक कंस उघडलेला आणि प्रत्येक कंस मिटलेला. सरांनी ते संगणकावर उघडले आणि ते जसेच्या तसे चालले. पुढच्या आठवड्यात ती परीक्षेला हजर झाली. तिच्या वडिलांनी तिला स्वतः बसमध्ये बसवून दिले होते, असे तिने सांगितले. 'कागद पूर्ण झाला पाहिजे' एवढेच ते म्हणाले. पान म्हणजे काय हे त्यांना कदाचित समजले नसेल. सुरू केलेला कागद पूर्ण करायचा असतो, हे मात्र त्यांना पुरते समजले होते.

एकूण सव्वीस जणांनी पाने जमा केली. कोणी मिरचीच्या पथारीचे केले, कोणी प्रकाशाच्या देवळांचे, कोणी शिरीषकुमार आणि ९ सप्टेंबर १९४२ च्या गोळीबाराचे. एका मुलाने गावातून सुटणाऱ्या एसटीचे वेळापत्रक टाकले. त्यात एकही चित्र नव्हते, नुसता तक्ता होता. वर्गाने त्याला हसून घेतले. आज सव्वीस पानांत सर्वांत जास्त उघडले जाते ते तेच! माझ्या वह्यांपैकी पहिलीची वीस पाने मी चढवली आहेत. बाकीची चढवताना पाड्यावरच्या जाणत्यांना एकेक शब्द वाचून दाखवते आहे, कारण गेल्या तीस वर्षांत काही शब्दांचे उच्चार बदलले आहेत आणि काही आता फक्त म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहेत.

पान करणे सोपे, ते राखणे अवघड, हे आता कळते आहे. नाव विकत घेतले तर दरवर्षी पैसे भरावे लागतात. २०१४ पासून '.भारत' या शेवटासह देवनागरीतही पत्ता घेता येतो. फुकटच्या जागेवर पान ठेवले तर ती जागा कधी बंद होईल याचा नेम नसतो. म्हणून महाविद्यालयांनी आणि गावच्या वाचनालयांनी ही पाने सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी, असे मला वाटते. वाचनालयात जुनी मासिके बांधून ठेवतातच ना? तसेच हे. ज्या पालकांची मुले पहिल्या वर्षाला आहेत त्यांना एवढेच सुचवेन की, असा वर्ग मिळाला तर मुलाला जाऊ द्या आणि पहिले पान कशाचे करतोस ते विचारा. उत्तरात आपल्या घराचे काही आले तर ते ऐकून घ्या. माहिती घरातच असते, ती सांगणारी माणसेही घरातच असतात.

उन्हाळ्यात त्या मुलीची भेट झाली. आजीला पान दाखवलेस का, मी विचारले. दाखवले म्हणाली. आजीने फोटो पाहिला, स्वतःला ओळखले आणि मग मजकूर वाचून घ्यायला लावला. आमचूरच्या भावाचा आकडा आला तिथे तिने नातीला थांबवले. तो मागच्या सालचा होता. "औंदाचा लिही," आजी म्हणाली. नातीने आंब्याखाली बसूनच तो बदलला.